दीनि लेक्का पक्का

कागदावर माझं नाव वेगळं आहे पण घरात मला सगळे लेक्का म्हणतात. तेलुगूत लेक्का म्हणजे हिशोब. आम्ही पद्मशाली, पणजोबा कधीतरी तेलंगणातून मागावर काम करायला सोलापूरला आले ते इथलेच झाले, त्यामुळे घरात तेलुगू, शाळेत मराठी, भाजीवालीशी कन्नड आणि भांडण झालं तर जे तोंडात येईल ते. पाढे मी मराठीत म्हणते पण वस्तू मोजायच्या झाल्या की अजूनही ओकटी, रेंडू, मूडू. पतसंस्थेत कॅश मोजताना ओठ हलतात माझे, शेजारची मॅडम हसते.

हे लेक्का नाव नानम्माने ठेवलं. नानम्मा म्हणजे वडलांची आई. ती विड्या वळायची, आमच्या पूर्व भागात तेव्हा दर दुसऱ्या घरात हेच, पुरुष पॉवरलूमवर आणि बायका मांडीवर सूप घेऊन दारात. रात्री पान भिजत घालायचं, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, टोकं दुमडायची. दिवसाला 1000 विडी म्हणजे 25 च्या 40 जुड्या आणि संध्याकाळच्या आत ब्रँचला, म्हणजे विडी कंपनीच्या गल्लीतल्या शाखेत, नेऊन द्यायच्या. तिथला चेकर वेड्यावाकड्या विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा, त्या गेल्या म्हणजे गेल्या, मजुरी नाही.

मी तिसरीत होते तेव्हा नानम्मा मला जुड्या मोजायला बसवायची. आणि कोण पाहुणा आला, पप्पांचे दोस्त आले, की माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायची, दीनि लेक्का पक्का. म्हणजे हिचा हिशोब पक्का. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. गणितात 60 पडले तर मी रडायचे, कारण 60 ही लेक्काला पडायची गोष्टच नव्हे. माझ्यापेक्षा दीड वर्षाने लहान भाऊ होता, त्याला 35 पडले तरी घरात कुणी डोळे वर करून बघायचं नाही. त्याचं काय, तो वांड आहे, त्याला हिशोब जमत नाही, हे पण तेव्हाच कधीतरी ठरून गेलं होतं. कुणी ठरवलं विचारलं तर सांगता यायचं नाही.

मग पुढचं सगळं त्या ओळीनेच गेलं. मी बी.कॉम. केलं, आईच्या विडी कामगार कार्डावर मिळणाऱ्या स्कॉलरशिपचे पैसे होते, थोडे होते पण वह्यापुस्तकं निघायची. भाऊ आठवीपासून मागाच्या कांड्यांवर सूत भरायला आणि दहावी नापास झाल्यावर सरळ कारखान्यात. आज मी 43 ची आहे आणि आमच्या खानदानात कुठलंही लग्न, बारसं, अकरावा, बाराव्याचं जेवण असू दे, पैशाची पिशवी माझ्याकडे येते. कुणी विचारत नाही, अक्का तुला वरातीत नाचायचंय का. तू बस गं इथे, आहेर लिहून घे. मी पण बसते. खरं सांगायचं तर मला आवडतं, आणि कधीकधी अजिबात आवडत नाही, पिशवी फेकून नाचावं वाटतं.

हल्ली रीलवर कोणीतरी सारखं सांगत असतं की घरच्यांनी लावलेली लेबलं काढून टाका आणि खरे तुम्ही कोण ते शोधा. ते लेबल म्हणजे काय बरणीवरचा कागद आहे का, पाण्यात भिजवला की निघाला? माझी नोकरी, माझं लग्न (सासऱ्यांना हिशोबी सून पाहिजे होती, हे त्यांनी स्वतः सांगितलंय), माझी झोपेत बडबडायची सवय, सगळं त्यावरच उभं आहे. काढून टाकलं तर खाली काय सापडेल मला माहीत नाही.

तर झालं असं. यंदा रथाच्या, म्हणजे आमच्या मार्कंडेयाच्या मिरवणुकीच्या, आधी मी अत्तम्माकडे गेले होते. अत्तम्मा म्हणजे पप्पांची बहीण, कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते, ती 10000 विडी कामगार बायकांची घरं झाली ना कामगार पुढारी आडम मास्तरांच्या लढ्यातून, 2006 ला, त्यात तिचं एक. घर तिच्या नावावर आहे हे ती पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगते. बसलो होतो, कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढ्यात, मी सहज म्हटलं, नानम्मा असती तर 90 ची झाली असती, माझा हिशोब. ती हसायला लागली. म्हणाली, तुझा हिशोब? तुला आठवत नाही होय गं.

मग तिने सांगितलं. मी मोजलेल्या जुड्यांतल्या तीन जुड्या ब्रँचला फोडून बघितल्या तर तिन्हीत 24. चेकरने सगळ्यांसमोर नानम्माला वाट्टेल ते बोलून घेतलं, चोर म्हणाला, आणि भरपाई म्हणून वर दोन जुड्या कापून घेतल्या. नानम्मा घरी आली आणि कुणालाच काही बोलली नाही. उलट त्याच रात्री पप्पांना म्हणाली, दीनि लेक्का पक्का, हिला शाळेतनं काढू नकोस.

कारण काढायचं चाललं होतं. हे मला माहीतच नव्हतं. चौथी झाली की मला पण सूप घेऊन बसवायचं असं पप्पांनी ठरवलेलं, चार हात झाले की 2000 विडी होतील असा साधा हिशोब, आणि गल्लीत तसं सगळेच करत होते म्हणून त्यांना मी काही दोष देत नाही. नानम्माकडे वाद घालायला दुसरं काही नव्हतं. शिक्षण नाही, पैसा नाही, घरात शब्दाला किंमत बेताची. मग तिने हे एक वाक्य काढलं आणि वर्षभर येईल त्याच्यासमोर म्हणत राहिली.

इथपर्यंत ठीक होतं, मी डोळे पुसत होते, अत्तम्मा पण पुसत होती. मग ती भाकरी मोडता मोडता सहज बोलून गेली की त्या दिवशी तुझा भाऊ सांगत होता, इरवै नालुगू, इरवै नालुगू. चोवीस आहेत म्हणून. तू मोजून बाजूला ठेवलेली जुडी तो परत सोडून मोजत बसलेला, आणि नानम्माने त्याला दटावलं, गप बस, तुला काय कळतंय.

तेव्हापासून मला नीट झोप नाही असं म्हटलं तर जास्त होईल, पण डोक्यातून जात नाही. नानम्माने मला जे दिलं ते हवेतून नाही आणलं.

रथाच्या आदल्या दिवशी भावाच्या कारखान्यात गेले. त्याचा म्हणजे शेठचा, हा मजुरीवर चार माग चालवतो, टॉवेलचे. आपल्या टॉवेलला आणि चादरीला जीआय टॅग आहे हे मी ऑफिसात कौतुकाने सांगते, आणि तिथे आत दोन मिनिटं उभं राहवत नाही, एवढा खडखडाट आणि नाकात कापूस. तो माझ्याकडे तोंड आणि मागांकडे पाठ करून उभा होता. मध्येच बोलता बोलता न वळता म्हणाला, तिसऱ्याचं सूत तुटलं. गेला, गाठ मारली, आला. मला तर चारही माग एकसारखेच ऐकू येत होते. निघालेले टॉवेल बघून डझनाचं वजन सांगतो, काट्यावर टाकलं तर फार तर 10-20 ग्रॅम इकडंतिकडं. ह्याला हिशोब जमत नाही म्हणे.

मी ओरडूनच विचारलं, आवाजच तसा असतो तिथे, तुला ते विडीच्या जुड्यांचं आठवतंय का रे. तो म्हणाला, काय? परत विचारलं. म्हणाला, जाऊ दे की अक्का, लई जुनं काय काय काढायलीस तू. म्हणजे आठवत होतं का नव्हतं, मला कळलं नाही.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथ निघायच्या आधी गल्लीची वर्गणी मोजायची होती. पिशवी सवयीने माझ्यापुढे आली. मी ती त्याच्याकडे सरकवली, म्हटलं तू मोज. सगळे बघायला लागले, वहिनी पण. तो आधी नको नको म्हणाला, मग अंगठा जिभेला लावून सुरू झाला, ओकटी, रेंडू, मूडू, आणि 25 नोटा झाल्या की एक आडवी टाकायची, नानम्मा जुडी आडवी टाकायची अगदी तशी. चौथ्या पंचवीसला अडकला, वर बघितलं आणि वैतागून म्हणाला, अक्का मध्ये बोलू नको ना, चुकायलंय माझं.

मी काहीच बोलले नव्हते. बहुतेक ओठ हलत असतील.