सहा तासांचा रस्ता, आणि इंजिन आधीच गरम

जुनी हेवी-ड्यूटी डिझेल पिकअप बघायला निघण्याआधी मालकाला बजावा: मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. मी फोनवर दोनदा बजावलं होतं. सहा तास ड्रायव्हिंग करून पोहोचलो, बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. "आत्ताच डिझेल भरून आणली," मालक म्हणाला. गरम डिझेल इंजिन सहसा किल्ली फिरवली की सुरू होतं. झिजलेले इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे), मेलेले ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे), उतरलेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) थंड इंजिनवर जास्त उघडं पडतं.

चिडून मुक्काम केला. सकाळी सातला पुन्हा दारात. स्टार्टर नऊ सेकंद फिरला, मग पांढरा धूर, नाकात जाणारा कच्च्या डिझेलचा वास. (वास गोडसर असता तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, जळतंय म्हणून तिथूनच निघालो असतो.) गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर लावला, आठपैकी दोन इंजेक्टर बाकीच्यांशी मेळ खात नव्हते. तेलाचं झाकण उलटं करून भोकावर ठेवलं, ते नुसतं थरथरलं, उडालं नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा अजून धड आहेत.

टॉर्च, हातमोजे आणि स्कॅनर तुमच्याकडे असणारच. गाडीखाली झोपायची तयारीही ठेवा.

आता तासांचं. मीटरवर 1,80,000 किलोमीटर होते आणि जाहिरातीत तेवढाच आकडा मिरवला होता. डॅशबोर्डच्या मेनूत इंजिनाचे तास (इंजिन एकूण किती तास चाललं) निघाले 7,200. भागाकार करा: तासाला सरासरी 25 किलोमीटर. हायवेवर 60 च्या सरासरीने चाललेल्या गाडीला तेवढ्या अंतराला 3,000 तास पुरले असते. ही गाडी उभ्या-उभ्या घुरघुरत झिजलेली. किलोमीटर बघून भाव ठरवणारा इथे फसतो.

आणि चढावरची चाचणी. त्याबद्दल कितीही लिहिलं तरी कमीच. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवून समाधान मानू नका. मालकाचाच ट्रेलर जोडायला लावला, तीन टन वजन, अकरा किलोमीटरचा सलग चढ. सपाटीवर तेल आणि कूलंटच्या तापमानात 4 अंशांचा फरक होता. निम्म्यावर कूलंट 98, तेल 112. फॅन गरजायला लागला, गिअर वरखाली होत राहिले, मालक मात्र खिडकीबाहेर बघत होता. फरक असा वाढत गेला की तेल थंड करणारा ऑइल कूलर तुंबलाय समजा. फोर्डच्या 2003 ते 2007 च्या 6.0 लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनमध्ये यातूनच पुढे ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) फुटू शकतो. ही गाडी त्यातली नव्हती, पण धडा तोच. वर पोहोचेपर्यंत माझे हात घामाने ओले.

इंजिन नेमकं कोणतं आणि कुठल्या सालचं, हे भावाइतकंच महत्त्वाचं. 2011 ते 2016 च्या जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स एलएमएल इंजिनमध्ये सीपी4 हा हाय-प्रेशर पंप आहे. तो आतून खरवडला की धातूचा चुरा रेल (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) आणि इंजेक्टरपर्यंत जातो आणि अख्खी इंधन यंत्रणा बदलावी लागते. त्याआधीच्या ड्युरामॅक्सवरचा सीपी3 पंप कितीतरी टणक. दोघींचे किलोमीटर सारखे म्हणून भावही सारखा लावणं चूक आहे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकलेली गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. धुराच्या चाचणीत अडकाल.

खाली उतरल्यावर गाडीच्या बाजूलाच हिशोब मांडला. इंजेक्टरचा पूर्ण संच, कूलर, सहा टायर (मागे जोडचाकं, हे विसरू नका): सांगितलेल्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश. तेवढे वजा करून आकडा सांगितला. मालक म्हणाला, "डिझेल गाड्या अशाच असतात." नसतात. भाव अवाजवी आहे, विषय संपला. इसार मागत होता, दिला नाही.

परतीचा प्रवास निवांत झाला. गाडी अजून विकाऊ आहे. कोणी जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी पोहोचा, मुक्काम करा, सकाळी सातच्या आत दारात उभे राहा, आणि ट्रेलर जोडल्याशिवाय भावाचा विषय काढू नका.