तुम्ही विचारलंत म्हणून: अजून उत्तर मिळालं नाही का?

नवीन ओळख झाली आणि मी काय करते हे कळलं की प्रश्न ठरलेला, "बावीस वर्षं एकाच गोष्टीवर रिसर्च? आणि अजून उत्तर नाही मिळालं?" घरचेही विचारतात, फक्त जरा हळू आवाजात.

तर ती एकच गोष्ट अशी. गर्भात मज्जारज्जू तयार होत असताना पाठीकडच्या काही पेशी लांब तंतू सोडतात, ॲक्सॉन म्हणतात त्याला, तो पोटाच्या बाजूला उतरतो, मध्यरेषा ओलांडतो, पलीकडे पोचला की वळतो आणि मेंदूची वाट धरतो, आणि मग पुन्हा काही मध्यरेषेकडे फिरकत नाही. हे सगळं त्याला सांगतं कोण? बास, एवढंच.

हे मी कोंबडीच्या अंड्यात बघते. अंडं आडवं ठेवून तीन दिवस ३८ डिग्रीला उबवायचं, सिरिंजने दोन-तीन मिली पांढरं काढलं की गर्भ कवचापासून सुटून खाली बसतो, मग वर टेप लावून बारीक कात्रीने खिडकी कापायची. आत लाल रेषांचं जाळं आणि मधे टिकटिकणारं हृदय, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कात्री खाली ठेवून नुसती बघत बसले होते. मग केसाएवढ्या काचेच्या सुईने मज्जारज्जूच्या पोकळीत डीएनए सोडायचा (ज्या पेशीत तो शिरतो ती हिरवी चमकते), दोन बाजूंना इलेक्ट्रोड लावून २५ व्होल्टचे पाच झटके द्यायचे. डीएनए मायनस चार्जचा, तो प्लसकडे पळतो, त्यामुळे एकाच बाजूच्या पेशींत शिरतो आणि दुसरी बाजू फुकटात कंट्रोल, म्हणजे तुलनेला न छेडलेली बाजू, मिळते (ही युक्ती ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार). खिडकी टेपने बंद, अंडं परत आत, आणि दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली हिरवे तंतू.

वाचायला छान वाटतं. पण एकदा नवीन आलेली अँटीबॉडी (एक ठरावीक प्रोटीन कुठे आहे ते चमकून दाखवते ती) वापरून पाच महिने डेटा गोळा केला आणि मग लक्षात आलं की ते प्रोटीन जिथे असूच शकत नाही तिथेही ती चमकतेय, म्हणजे सगळं पाणी. कंट्रोल आधी बघायला हवा होता, चूक माझीच, पण बाटलीवरचं लेबलही काही कमी थापाडं नव्हतं!

"याचा उपयोग काय" हेही विचारतात. रोबो-३ नावाच्या जीनमध्ये बिघाड असलेल्या माणसांना डोळे डावी-उजवीकडे फिरवता येत नाहीत आणि पाठीचा कणा वाकत जातो, कारण मेंदूच्या देठात जे तंतू पलीकडे जायला हवेत ते गेलेलेच नसतात. हे २००४ मध्ये कळलं. याच्यावर औषध माझ्याकडे नाही, हेही सांगून टाकते.

आता मूळ प्रश्न. उत्तर मिळालं होतं हो! १९९४ मध्ये मार्क टेसिए-लविन या न्यूरोसायंटिस्टच्या लॅबने कोंबडीच्या सुमारे २५ हजार गर्भांचे मेंदू वाटून त्यातून एक प्रोटीन वेगळं काढलं, नाव ठेवलं नेट्रिन. संस्कृत 'नेतृ' वरून, वाट दाखवणारा! मध्यरेषेवर फ्लोअर प्लेट नावाची पेशींची पट्टी असते, ती नेट्रिन सोडते आणि ॲक्सॉन वास लागल्यासारखा लांबून तिकडे ओढला जातो, असं चित्र झालं. पलीकडे गेल्यावर स्लिट नावाचं प्रोटीन त्याला ढकलतं, म्हणून तो परत येत नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं हेच शिकवलं, स्लाइडवर फ्लोअर प्लेटकडे जाणारा मोठा लाल बाण.

आणि २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या ग्रुप्सनी उंदरात फक्त फ्लोअर प्लेटमधलं नेट्रिन काढून टाकलं तर तंतू बऱ्यापैकी नीट पोचले की! वाटेतल्याच पेशी नेट्रिन बनवतात, ते काढलं तेव्हा मात्र गोंधळ उडाला, म्हणजे लांबून हाक वगैरे नाही, पायाखालची वाटच चिकट. तो पेपर वाचून मी आधी चिडले, मग दोनदा परत वाचला, मग स्लाइड उघडली. बाण खोडणार तेवढ्यात दुसऱ्या तासाला जायची वेळ झाली म्हणून तसाच राहिला, आणि बरंच झालं, कारण २०१९ मध्ये अजून पेपर आले की दोन्ही ठिकाणचं नेट्रिन मिळून काम करतं. आता त्या स्लाइडवर लाल बाण आहे, त्याच्या शेजारी वाटेवर हिरवे ठिपके आहेत, आणि कुठल्याचा वाटा किती ते विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना इन्क्युबेटरकडे घेऊन जाते.