४१३००१ चे अवयव पाडताना

सोलापूरचा पिनकोड ४१३००१. पत्त्याखाली रोज लिहायची ही संख्या मी कागद-पेन्सिलीने फोडली. कॅल्क्युलेटर फक्त ताळा पाहायला.

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. उरले ४५८८९. याच्या अंकांची बेरीज ३४, म्हणून आणखी ३ नाही. इथे हमखास एक चूक होते. ४१३००१ चे वर्गमूळ ६४२ च्या पुढे, आणि तिथपर्यंत तपासत बसायचे. भाग गेला की मर्यादाही नव्याने काढावी. २१४ चा वर्ग ४५७९६, तेव्हा २१४ पर्यंतच्या मूळ संख्या पुरे.

७ ने बाकी ४, ११ ने ८, १३ ने १२ (एकाने हुकले!). पुढे नुसती चिकाटी: ९७ ने ८, १०३ ने ५४, १०७ ने ९३. मग १०९. ४५८८९ मधून ४३६०० वजा केले तर २२८९, आणि २२८९ म्हणजे १०९ × २१. सुटले. ७ पासून मोजली तर ही सव्विसावी मूळ संख्या.

४१३००१ = ३² × १०९ × ४२१

४२१ मूळ आहे का, हे वेगळे पाहायची गरज नाही. ती फुटली असती तर तिचा एक अवयव १९ किंवा त्याहून लहान असता, आणि ते सगळे आधीच नापास झालेत.

फ्रेंच गणिती फर्मा यांची अवयव पाडायची पद्धतही ४५८८९ ला लावून पाहिली: २१५ पासून वर्ग घ्यायचा, त्यातून ४५८८९ वजा करायचे, बाकी पूर्ण वर्ग आहे का पाहायचे. उत्तर २६५ ला मिळते, २६५² − १५६², म्हणजे (२६५ − १५६) × (२६५ + १५६) = १०९ × ४२१. एकेक करत गेलो तर ५१ पायऱ्या. पण ४ ने आणि ३ ने येणाऱ्या बाक्या पाहिल्या तर सम संख्या आणि ३ च्या पटी गळतात, उरतात १८. हे गाळणे न करता ही पद्धत हाती घेऊ नये.

विभाजक ३ × २ × २ = १२. त्यांची बेरीज १३ × ११० × ४२२ = ६०३४६०. ३² साठी १ + ३ + ९ घ्यायचे. (१ + ३) दोनदा गुणले की उत्तर फसते. स्वतः संख्या वगळून १९०४५९, संख्येच्या निम्म्याहूनही कमी. ही बेरीज संख्येहून कमी भरली की ती न्यून संख्या.

मला सर्वांत आवडला तो संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडायचा भाग. १०९ = १०² + ३², ४२१ = १५² + १४²; या दोन बेरजा एकमेकींत गुणून दोन वर्गांच्या बेरजेत मांडल्या आणि वर्ग होणारी प्रत्येक संख्या ३ ने गुणली की ४१३००१ साठी दोन जोड्या मिळतात, ५७६² + २८५² आणि ५५५² + ३२४². तिसरी नाही.

पंढरपूरचा ४१३३०४ याच्या अगदी उलट: २³ × ३ × १७ × १०१३, विभाजक ३२, स्वतः वगळून बेरीज ६८१८१६, संख्येहून जास्त, म्हणजे विपुल संख्या. पण त्यात ३ एकदाच येतो, आणि दोन वर्गांच्या बेरजेत तो सम वेळाच येऊ शकतो, त्यामुळे दोन वर्गांची बेरीज म्हणून तो मांडताच येत नाही.