खंदकातलं हसू
2002 साली 'लगान'चं ऑस्कर हुकलं, तेव्हा ते नेणाऱ्या सिनेमावर मी रागच धरला होता. आज दुपारी तो अखेर पाहिला. दानिस तानोविचचा 'नो मॅन्स लँड'. बोस्नियाचं युद्ध, खंदकात अडकलेले दोन शत्रू: एक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातला मुस्लिम, आणि एक सर्ब. तिसऱ्याच्या पाठीखाली सुरुंग, उठला की फुटणार. युद्ध कुणी सुरू केलं यावर दोघं भांडतात, आणि ज्याच्या हातात बंदूक त्याचंच उत्तर खरं! मी खळखळून हसले आणि पुढच्याच क्षणी आवंढा गिळला. हे नुसत्या कल्पनेतून सुचत नाही हो. बोस्नियाची राजधानी साराजेव्होच्या वेढ्यात तानोविचने स्वतः सैन्याबरोबर राहून चित्रण केलं होतं. रात्र झाली, तरी सुरुंगावर निजलेला तो माणूस डोळ्यांसमोरून जात नाहीये.