सह्यांचा तक्ता

एम.एड.चे लघुप्रबंध बांधून आले की ग्रंथालयाच्या कपाटात जातात. ज्या शाळेत बसून माहिती गोळा केली, तिला ते क्वचितच पाहायला मिळतात. माझ्या एका विद्यार्थिनीला हे मान्य नव्हते. प्रबंध सादर करण्याआधी निष्कर्ष पालकांना वाचून दाखवायचे तिने ठरवले आणि तिची मार्गदर्शक म्हणून मीही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गेले.

शाळा वाळपईच्या पुढची. सरकारी, मराठी, एकशिक्षकी. शाळेचा जनसंपर्क हा तिचा विषय. जनसंपर्क म्हटला की आपल्याला स्नेहसंमेलनाची बातमी आठवते, एवढाच आपण त्याचा अर्थ करून ठेवला आहे. तिने जनसंपर्काचे अभ्यासक ग्रुनिग आणि हंट यांची 1984ची मांडणी घेतली होती. त्यात चार प्रकार येतात: नुसती प्रसिद्धी, माहिती पुरवणे, लोकांचा कल ओळखून त्यांना आपल्या बाजूला वळवणे, आणि चौथा, ज्यात संस्था लोकांचे ऐकून स्वतःही बदलते. शाळेच्या सूचना, फलक, मुलांच्या वह्यांतल्या चिठ्ठ्या बहुतेक दुसऱ्या प्रकारात बसल्या. चौथ्यात एकच गोष्ट होती, शाळा व्यवस्थापन समिती. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडाही समितीनेच करायचा. इतिवृत्ताच्या वहीत दर बैठकीखाली आयांच्या सह्या होत्या. त्यांचा विद्यार्थिनीने तक्ता केला आणि मथळा दिला, ‘निर्णयातील सहभाग’.

तो वाचून दाखवल्यावर मागे बसलेल्या एक आई म्हणाल्या, “बाय, सही केली म्हणून आम्ही ठरवलं असं होतं काय? वहीत सगळं आधीच लिहिलेलं असतं.”

वर्गात कोणी काही बोलेना. मुख्याध्यापिका बाई समोरच होत्या. त्या चिडतील असे मला वाटले होते, पण त्यांनी सरळ कबूल केले. “खरं आहे. चारही वर्ग मीच घेते, आहाराची नोंद मीच ठेवते, खात्याने मागितलेली माहिती त्याच दिवशी द्यायची. वही तपासायला कोणी आलं तर कोरी दिसू नये म्हणून आधी लिहून ठेवते.” त्या बाईंबद्दलचा माझा आदर तिथे वाढला. चार इयत्ता एका माणसावर सोपवायच्या आणि वर त्याच्याकडून लोकशाहीचे कागद मागायचे, हा दोष त्यांचा नव्हे.

मग आया बोलू लागल्या. पटसंख्या का घटली, यावर प्रबंधात इंग्रजीच्या ओढीचे कारण होते. 2011 साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचा निर्णय झाल्यापासून गोव्यात प्रत्येक प्रश्न माध्यमापाशीच जाऊन थांबतो, म्हणून मलाही ते पटले होते. या आयांना मराठीबद्दल तक्रारच नव्हती. पावसात वाटेतला ओढा भरतो, पहिली-दुसरीच्या पोरांना कोणी तरी पलीकडे न्यावे लागते आणि लावणीच्या दिवसांत घरात कोणी नसते. अनुदानित शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणारी बस, मात्र दारात येतो. वहीत ओढ्याचा उल्लेख एकाही बैठकीत नव्हता.

परतताना विद्यार्थिनी गप्प होती. तक्ता काढून टाकू का, असे तिने विचारले. मी नको म्हटले. तक्ता राहिला, मथळा तेवढा ‘इतिवृत्तावरील सह्या’ असा झाला आणि त्याखाली आयांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत आले.

अडचण गावाच्या नावाची झाली. आयांना ते हवे होते, “आमच्या ओढ्याचं कोणाला कळणार कसं?” बाईंना नको होते, आणि एकशिक्षकी शाळेत गाव सांगितले की शिक्षिका कोण हे तालुक्याला कळतेच. प्रबंधात आम्ही गाव, पटसंख्या, ओढ्याचे नाव, सगळे गाळले. समितीसाठी विद्यार्थिनीने वेगळे एक पान लिहून दिले. त्यात गाव आणि ओढा नावानिशी आहेत, आधी लिहिलेल्या इतिवृत्ताबद्दल एक अक्षर नाही. ते पान पंचायतीत न्यायचे की भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, हे आयांनी पुढच्या बैठकीत ठरवायचे आहे.