‘तुमचा तिथं दुश्मन कोण?’

१९८९चा जून नुकताच लागला होता. मी तेव्हा पुण्यात वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बनवण्याच्या कामावर होतो. श्रीलंकेत शांतिसेना म्हणून गेलेल्या आपल्या फौजेतल्या जखमी जवानांची रीघ थांबतच नव्हती, आणि बऱ्याच जणांची कहाणी एकच: सुरुंगावर पाय पडला. वाघ म्हणजे तिथले वेगळं तमिळ राज्य मागणारे बंडखोर, एलटीटीई. त्यांचे ते सुरुंग लाकडी खोक्यातले, छोटे. धातूशोधकाला सहजी सापडत नसत.

त्या दुपारी फिटिंगच्या खोलीत तिघे होते. मद्रास रेजिमेंटचा एक नाईक, तंजावरकडचा. महार रेजिमेंटचा साताऱ्याकडचा पोरगेला शिपाई. आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले कोल्हापूरकडचे हवालदार. त्यांचा पाय १९७१च्या बांगलादेश युद्धात, जमालपूरच्या लढाईत गेला होता. सॉकेट, म्हणजे नकली पायाची उरलेल्या पायावर बसणारी खोळ, सैल झालं की ते येत. पेपरात बातमी होती की श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी भारतीय फौजेला जुलैअखेर निघून जायला सांगितलंय. तेच प्रेमदासा कोलंबोत वाघांशी बोलणी करत होते.

नाईकाचा पाय गुडघ्याखाली कापलेला. स्टम्पवर, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकावर, मोजा चढवून, हाडांच्या उंचवट्यांवर पेन्सिलीनं खुणा करून मी ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. मग गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड स्नायुबंधाच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबून धरले. पुढे बरंचसं वजन तिथं पेलायचं असतं. प्लास्टर तापून घट्ट होईस्तोवर कुणीच हलायचं नाही.

हवालदार पेपर ठेवत म्हणाले, “आमचं बरं हुतं गड्या. समोर पाकिस्तानी फौज, मागं बंगाली लोक. गावात गेलो तर गळ्यात हार. तुमचा तिथं दुश्मन कोण रं?”

नाईक मोडक्या हिंदीत बोलू लागला. हार त्यांनाही मिळाले होते. १९८७च्या जूनमध्ये आपल्या विमानांनी जाफन्यावर धान्य टाकलं होतं, त्यामुळे जुलैअखेर फौज उतरली तेव्हा लोक रस्त्यावर आले. जाफन्याच्या एका गल्लीत एक आजी त्याला इडियाप्पम, म्हणजे तांदळाच्या शेवया, करून वाढायची. गाववाला म्हणायची. ऑक्टोबरात लढाई पेटली आणि त्याच गल्लीत झडतीचा हुकूम आला. तमिळ येतं म्हणून दार वाजवायचं काम याच्याकडे. आजीचा नातू वाघांत गेलेला. तिनं विचारलं, “तू आमचाच ना रे, मग यांच्यात काय करतोस?”

“बाकीच्यांना शिव्या कळायच्या नाहीत, साहेब. मला एकेक कळत होती.”

माझ्या अंगठ्यांखाली त्याचा गुडघा थरथरायला लागला. साचा फुकट गेला. मी तो कापून काढला, त्याला पाणी दिलं आणि पुन्हा पट्ट्या भिजवायला घेतल्या.

इतका वेळ गप्प असलेला साताऱ्याचा पोरगा म्हणाला, “आमच्या आठ महार पलटणीचे परमेश्वरनसाहेब तमिळ घरातलेच, मुंबईचे. छातीत गोळी लागली, तरी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं.” २५ नोव्हेंबर १९८७ची ती चकमक. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पोरगा अभिमानानं सांगत होता आणि नाईक मान खाली घालून ऐकत होता. दोघांचंही खरं होतं.

हवालदारांच्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळालं नाही. मी त्यावर पुढे बरंच वाचलं आणि माझं मत पक्कं होत गेलं. ज्या करारानं आपली फौज तिथं गेली, तो २९ जुलै १९८७चा करार राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तेव्हाचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यातला. वाघांची त्यावर सहीच नव्हती. त्याच तमिळ गटांना आपण आधी आपल्या भूमीवर शस्त्रं चालवायला शिकवलं, मग शांतिसेना म्हणून मध्ये जाऊन उभे राहिलो आणि अडीच महिन्यांत त्यांच्याशीच लढायला लागलो. २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या इस्पितळात आपल्या फौजेच्या गोळ्यांनी डॉक्टर, नर्स, रुग्ण मेले, हेही मी वाचलं. इस्पितळातच आयुष्य काढलेल्या माणसाला ते वाचून झोप लागत नाही. जवानांचं शौर्य सांगताना हे झाकलेलं मला पटत नाही. आणि हे सांगताना त्या पोरांना खुनी म्हटलेलंही पटत नाही. त्यांना तिथं ज्यांनी धाडलं, त्यांनी आधी हवालदारांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं होतं.

शेवटची तुकडी २४ मार्च १९९०ला त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १,२०० जवान तिथं मारले गेले. परतणाऱ्या फौजेच्या मद्रासमधल्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. नाईक नव्या पायासाठी आला तेव्हा त्यानं हे स्वतःहून काढलं. गावात लोक विचारतात, पाय कसा गेला. तो अपघात म्हणून सांगतो. त्याला भातखाचरात उतरायचं होतं, म्हणून चिखलात टिकेल असं पाऊल हवं होतं. त्या दिवशी आम्ही दोघं त्याच खटपटीला लागलो.