आज वजनाचा दिवस

ब्रुमेशनमध्ये, म्हणजे सरीसृपांच्या हिवाळी झोपेत गेलेल्या बिअर्डेड ड्रॅगनला (हा एक पाळीव सरडा) आठवड्यातून एकदा तरी ग्रॅमच्या काट्यावर ठेवायलाच हवं. आज काटा ४१२ वर थांबला. झोपी जाताना ४२० होता. एवढी घट चालते. दहा टक्क्यांच्या पुढे गेली, तर ती नुसती झोप समजू नका, सरीसृपांच्या डॉक्टरांकडे न्या. अनेकदा पोटात जंत निघतात, म्हणून विष्ठेची तपासणी झोपेआधीच करून घ्यावी.

मधेच डोळे किलकिले करून तो बाहेर येतो, तेव्हा किडा पुढे करायचा मोह आवरा! बास्किंगची, म्हणजे दिव्याखाली अंग शेकण्याची ३८ ते ४२ अंश ऊब नसेल तर अन्न पचत नाही, पोटातच कुजतं. नाकाच्या टोकावर पाण्याचे थेंब सोडा. जीभ काढून हळूहळू चाटेल, तेवढं पुरे. वर्षाच्या आतल्या पिल्लाला मात्र असं उपाशी झोपू देऊ नका.